पंधरा चेंडूंचा त्रिकोण : मांडणीच्या कोड्यांचा आढावा

स्नूकरचा डाव सुरू होण्याआधी पंधरा लाल चेंडू त्रिकोणी चौकटीत रचले जातात : एक, दोन, तीन, चार आणि पाच अशा पाच ओळी. पूलच्या खेळातही पंधराच चेंडू असतात आणि त्यांच्यावर १ ते १५ अंक छापलेले असतात. या मांडणीभोवती गणिती कोड्यांचा मोठा संसार उभा राहिला आहे. अंक कसे लावावेत, रंग कसे वाटावेत, कमीत कमी चेंडू हलवून आकार कसा बदलावा, किती जागेत किती चेंडू मावतात, असे प्रश्न त्यात येतात. ते समजायला शाळेतले गणित पुरते. उत्तरांची स्थिती मात्र एकसारखी नाही. काही कोडी चार ओळींच्या युक्तिवादात संपतात, काहींना संगणकाने शेवटपर्यंत तपासावे लागले, काही आजही उघडी आहेत. कोणते कोडे कोणत्या गटातले, हे त्याच्या मांडणीवरून कळत नाही. या लेखात ही कोडी क्रमाने घेऊन कुठे काय ठरले आहे, कुठे मतभेद आहेत आणि काय शिल्लक आहे, ते पाहू.

पार्श्वभूमी : जबलपूर, वऱ्हाड आणि पाटणे

स्नूकर हा खेळ आपल्याच भूमीत जन्मला. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने पंधरा लाल चेंडूंच्या ‘पिरॅमिड’ या जुन्या खेळात रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ तयार झाला. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि त्यानंतर १९५६ पर्यंत जबलपूर व वऱ्हाडातला बुलढाणा एकाच प्रांतात होते. महाराष्ट्राने या टेबलावर मोठे खेळाडू दिले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तर मुंबईचे ओम अग्रवाल १९८४ मध्ये स्नूकरचे.

गोळे रचण्याचे गणित मात्र या खेळाहून कितीतरी जुने आहे. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने त्रिकोणी ढिगाऱ्यातल्या एकूण गोळ्यांची संख्या काढण्याचा नियम दिला. थरांची संख्या घ्या, तिला पुढच्या दोन संख्यांनी गुणा आणि सहाने भागा. पंधरा चेंडूंचा पाया घालून त्यावर दहा, सहा, तीन आणि एक असे थर चढवले, तर पाच गुणिले सहा गुणिले सात भागिले सहा, म्हणजे ३५ चेंडू लागतील. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त अशा बेरजांबरोबरच ‘अंकपाश’ हे प्रकरण आहे. दिलेल्या वस्तू किती तऱ्हांनी मांडता येतील, हा त्याचा विषय. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील, हे तिथले उदाहरण प्रसिद्ध आहे. उत्तर आहे ३६,२८,८००.

ही परंपरा बुलढाण्याच्या शेजारीच नांदली. लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा त्याबद्दलचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. चेंडूंच्या कोड्यांकडे परदेशी करमणूक म्हणून पाहण्याचे कारण नाही. खेळाचे टेबल जबलपुरात उभे राहिले आणि मांडण्या मोजण्याची रीत पाटण्याच्या मठात शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथांतच होती.

गुणांची, मोजणीची आणि हलवण्याची कोडी

सर्वांत सोपा गट रंगीत चेंडूंच्या गुणांचा आहे. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६ आणि काळा ७, एकूण २७. हे सहा चेंडू तीन बाजूंच्या त्रिकोणावर असे ठेवायचे की प्रत्येक बाजूवरच्या तिघांची बेरीज सारखी यावी. कोपऱ्यांत पिवळा, हिरवा, तपकिरी ठेवा. पिवळ्या-हिरव्यामध्ये काळा, हिरव्या-तपकिरीमध्ये निळा आणि पिवळ्या-तपकिरीमध्ये गुलाबी ठेवा. प्रत्येक बाजू १२ भरते.

आणखी कोणत्या बेरजा शक्य आहेत? तिन्ही बाजू एकत्र मिळवल्या तर कोपऱ्यांतले चेंडू दोनदा मोजले जातात. म्हणून बाजूच्या बेरजेची तिप्पट म्हणजे २७ अधिक कोपऱ्यांची बेरीज. कोपऱ्यांची बेरीज कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त १८ असते, तेव्हा बाजूची बेरीज १२ ते १५ यांपैकीच असू शकते. या चारही बेरजा जमतात. १५ साठी कोपऱ्यांत निळा, गुलाबी आणि काळा बसवून पाहावे. हे कोडे पूर्ण सुटलेले आहे आणि सातवीतल्या मुलाला ते शेवटपर्यंत पटवता येते.

मोजणीचा प्रश्न असा : स्नूकरचे सगळे २२ चेंडू एका रांगेत किती प्रकारे लावता येतील? पंधरा लाल चेंडूंत फरक करता येत नाही, उरलेले सात वेगवेगळे आहेत. सारख्या वस्तूंसाठी भागाकार करण्याचा नियम ‘अंकपाशा’त आहेच. तो लावला की उत्तर येते ८५,९५,४१,७६०. इथेही वादाला जागा नाही.

तिसरा प्रकार त्रिकोण उलटा करण्याचा. टोक वर असलेला पंधरा चेंडूंचा त्रिकोण, कमीत कमी चेंडू उचलून, टोक खाली येईल असा करायचा. उत्तर पाच. दोन कोपऱ्यांतला एकेक आणि तिसऱ्या कोपऱ्यातले तीन चेंडू उचलले की मधले दहा जागेवर राहतात आणि उचललेले पाच नव्या कोपऱ्यांत बसतात. दहा चेंडूंच्या त्रिकोणाला तीनच पुरतात. एकूण संख्येला तीनने भागायचे आणि बाकी सोडून द्यायची, हा सर्वसाधारण नियम आहे. सुलटा आणि उलटा त्रिकोण एकमेकांवर ठेवून जास्तीत जास्त किती जागा सामाईक राहतात, हे पाहिले की त्याचा पुरावा हाती येतो.

वजाबाकीचा त्रिकोण

या विषयातले सर्वांत गाजलेले कोडे पूलच्या अंकित चेंडूंचे आहे. अमेरिकेतले जॉर्ज सिचरमन यांनी ते मांडले आणि मार्टिन गार्डनर यांनी एप्रिल १९७७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून ते जगभर पोहोचवले. १ ते १५ हे चेंडू, पाचची ओळ वर आणि एकाची खाली असे, त्रिकोणात लावायचे. प्रत्येक चेंडूवरचा अंक त्याच्या वरच्या दोन चेंडूंच्या अंकांतला फरक असला पाहिजे. उत्तर असे :

६ १४ १५ ३ १३
८ १ १२ १०
७ ११ २
४ ९
५

आरशातली प्रतिमा सोडली तर दुसरे उत्तर नाही. दोन ओळींच्या त्रिकोणाला दोन, तीन ओळींच्या त्रिकोणाला चार, चार ओळींच्या त्रिकोणालाही चार आणि पाचला एकच उत्तर आहे. सहा आणि त्यापुढे एकही नाही.

असे का व्हावे, याचे सुंदर कारण आहे. तळाच्या ५ पासून वर चढा आणि दर वेळी वरच्या दोघांपैकी मोठ्याकडे जा. ५ च्या वर ४ आणि ९. ९ कडे जा. त्याच्या वर ११ आणि २. ११ कडे जा. मग १ आणि १२, शेवटी १५ आणि ३. प्रत्येक पायरीवर मोठा चेंडू म्हणजे धाकटा अधिक खालचा. म्हणून १५ म्हणजे तळाचा ५ आणि वाटेत बाजूला राहिलेले ४, २, १, ३ यांची बेरीज. पाच वेगवेगळ्या संख्यांची बेरीज १५ हून कमी असूच शकत नाही आणि सर्वांत मोठा चेंडू १५ चाच आहे. त्यामुळे त्या पाच संख्या १ ते ५ याच असल्या पाहिजेत. लहान अंकांचा सगळा साठा या एका वाटेवरच खर्च होतो.

त्रिकोण मोठा झाला की हाच खर्च नडतो. वाटेच्या एका बाजूला जो त्रिकोण उरतो, त्याला लहान अंक मिळतच नाहीत. त्याच्या तळापासून तसेच वर चढले तर बेरीज सर्वांत मोठ्या चेंडूच्याही पुढे जाते आणि विसंगती येते. २०१८ मध्ये रुमानियातल्या क्लूज-नापोका येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या तिसऱ्या प्रश्नात हेच कोडे २०१८ ओळींसाठी विचारले होते, आणि तिथे हा युक्तिवाद सहज पुरतो. सहा, सात, आठ ओळींच्या लहान त्रिकोणांना मात्र तो तोकडा पडतो. तिथली बेरीज मर्यादेच्या आतच राहते आणि शक्यता एकेक करून तपासाव्या लागतात. २०१८ ओळींचा प्रश्न एका पानात मिटतो आणि सहा ओळींच्या प्रश्नाला जास्त कष्ट पडतात. कोड्याचा आकार आणि त्याची अवघडता यांचा सरळ संबंध नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दोन रंगांचा त्रिकोण आणि पाच चेंडूंचे कडे

वरच्या उत्तरात विषम अंकाच्या जागी लाल आणि सम अंकाच्या जागी पिवळा चेंडू ठेवला तर वेगळाच नियम दिसतो. वरचे दोन वेगळ्या रंगांचे असतील तर खाली लाल, एकाच रंगाचे असतील तर पिवळा. पोलिश गणितज्ञ ह्यूगो श्टाइनहाउस यांनी १९५८ च्या आपल्या प्रश्नसंग्रहात अधिक-उणे चिन्हांच्या रूपात हाच त्रिकोण दिला होता आणि विचारले होते : दोन्ही प्रकार समसमान येतील अशी पहिली ओळ निवडता येते का?

चार ओळींसाठी लाल, पिवळा, लाल, पिवळा अशी सुरुवात करा. दुसऱ्या ओळीत तिन्ही लाल, तिसरीत दोन पिवळे, शेवटी एक पिवळा. पाच लाल, पाच पिवळे. पंधरा चेंडूंत समसमान वाटणी होणारच नाही, कारण संख्या विषम आहे. एकूण चेंडू सम असतील तेव्हा योग्य पहिली ओळ नेहमी सापडते, हे हाइको हारबोर्थ यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. दोन रंगांऐवजी जास्त रंग घेतले आणि घड्याळाप्रमाणे फिरून येणारी बेरीज वापरली तर काय होते, हा जॉन मोलुझ्झो यांचा १९७६ चा प्रश्न आहे. रंगांची संख्या विषम असेल तेव्हा समसमान त्रिकोण अगणित मिळतात, हे गेल्या काही दशकांत दाखवले गेले. सर्वसाधारण उत्तर मात्र नाही.

अंकित चेंडूंचे दुसरे कोडे कड्याचे. पाच चेंडू गोलाकार असे ठेवा की शेजारशेजारच्या एक, दोन, तीन, चार किंवा पाचही चेंडूंच्या बेरजांतून १ ते २१ ही प्रत्येक संख्या मिळावी. उत्तर : १, ३, १०, २, ५. लागून असलेले गट बरोबर २१ होतात, त्यामुळे एकही बेरीज वाया जाऊन चालत नाही. चार चेंडूंना १, २, ६, ४ हे कडे चालते, सहांना १, २, ५, ४, ६, १३. सात चेंडूंना मात्र जमत नाही. जेम्स सिंगर यांनी १९३८ मध्ये दाखवले की चेंडूंच्या संख्येतून एक वजा करून मूळ संख्या किंवा तिचा घात मिळत असेल तर असे कडे नक्की असते. इतर संख्यांसाठी ते कधीच नसते का? संगणकाने फार मोठ्या संख्यांपर्यंत शोध घेतला आहे आणि तसे एकही सापडलेले नाही. पण नाहीच, याचा पुरावाही नाही.

सहा रंग, सहा ओळी

आता स्नूकरचे सहा संच घ्या. प्रत्येक संचातले सहा रंगीत चेंडू घ्या आणि संचाची खूण म्हणून त्यांच्यावर १ ते ६ अंक घाला. हे ३६ चेंडू सहा गुणिले सहाच्या चौकोनात असे मांडा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक रंग एकदा आणि प्रत्येक अंक एकदा यावा. लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये ३६ लष्करी अधिकाऱ्यांच्या रूपात हाच प्रश्न मांडला होता. हे जमणार नाही, असे त्यांचे मत होते. शिवाय दहा, चौदा, अठरा अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येला ते जमणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. सहाच्या बाबतीत ते बरोबर ठरले. गास्ताँ तारी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शक्यता हाताने तपासून ते दाखवले.

बाकीचा अंदाज १९५९ मध्ये कोसळला आणि त्यात नागपुरात शिकलेल्या मराठी गणितज्ञाचा मोठा वाटा आहे. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला आणि पदवीचे शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात झाले. राजचंद्र बोस यांच्यासोबत त्यांनी २२ गुणिले २२ चा चौकोन रचून ऑयलर यांना चुकीचे ठरवले. अर्नेस्ट पार्कर यांनी दहाचा चौकोन शोधला. मग तिघांनी मिळून दाखवले की दोन आणि सहा वगळता प्रत्येक संख्येला अशी मांडणी जमते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले.

या चौकोनांचा उपयोग बुलढाण्याच्या शेतकऱ्याशी थेट जोडलेला आहे. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या वाणांची तुलना करताना जमिनीचा कस दोन्ही दिशांनी बदलत असेल तर प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या पट्टीत एकदाच पेरतात. यालाच लॅटिन चौकोन म्हणतात आणि कृषी विद्यापीठांत प्रयोगांच्या आखणीत तो शिकवला जातो. बोस आणि श्रीखंडे यांचे संशोधनही प्रयोगांच्या आखणीच्या याच शास्त्रातून वाढले.

ऑयलर यांचा सहाचा प्रश्न २०२२ मध्ये नव्या रूपात पुढे आला. एका चेंडूचा रंग एकाच वेळी अनेक रंगांच्या मिश्रणात असू शकतो, अशी पुंजभौतिकीतली सवलत दिली तर ३६ ची मांडणी शक्य आहे, हे आयआयटी मद्रासच्या आणि पोलंडच्या संशोधकांनी मिळून दाखवले.

किती जागेत किती चेंडू

या गटातली कोडी सांगायला सर्वांत सोपी आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड आहेत. पंधरा चेंडू त्रिकोणी चौकटीत गच्च बसतात. त्यातला एक काढला, तर उरलेले चौदा चेंडू थोड्या लहान चौकटीत बसवता येतील का? एक चेंडू निघाल्याने मोकळीक मिळते, मग चौकटही आकसायला हवी, असे वाटते. पॉल एर्डोश आणि नॉर्मन ओलर यांचा अंदाज नेमका उलटा आहे : त्रिकोणी संख्येतून एक चेंडू कमी केला तरी चौकट लहान होत नाही. पंधरापर्यंतच्या त्रिकोणी संख्यांसाठी, म्हणजे आपल्या टेबलावरच्या चौकटीसाठीही, हे सिद्ध झाले आहे. सर्व त्रिकोणी संख्यांसाठी पुरावा नाही.

त्रिमितीत प्रश्न आणखी मोठा होतो. नागपुरी संत्र्यांची रास विक्रेता जशी रचतो, तीच रचना सर्वांत दाट आहे, असे योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटले. या रचनेत सुमारे ७४.०५ टक्के जागा भरते. पुरावा यायला १९९८ साल उजाडले. तो थॉमस हेल्स यांचा होता आणि प्रचंड संगणकीय गणितावर उभा होता. एका चेंडूभोवती त्याला टेकून जास्तीत जास्त किती चेंडू ठेवता येतात, हा न्यूटन आणि डेव्हिड ग्रेगरी यांच्यातला १६९४ चा प्रश्नही असाच. काळ्या चेंडूभोवती बारा लाल चेंडू लावले तरी फटी उरतात, म्हणून तेरावा मावेल अशी ग्रेगरी यांची शंका रास्त होती. बाराच मावतात, याचा पुरावा १९५३ मध्ये आला.

आणखी एक प्रश्न स्नूकरच्या २२ चेंडूंना लागू पडतो. चेंडू ताणलेल्या पातळ कागदात गुंडाळायचे, तर कोणत्या मांडणीत आतली एकूण जागा सर्वांत कमी लागेल? गोळा करून ठेवावेत, असे प्रथम सुचते. लास्लो फेयेश टोथ यांच्या १९७५ च्या कामातून पुढे आलेला अंदाज सांगतो की थोड्या चेंडूंसाठी सरळ रांगच उत्तम. ५५ चेंडूंपर्यंत रांग जिंकते, असे मानले जाते. ५६ ला मात्र एकत्र केलेली रचना रांगेपेक्षा कमी जागा घेते, हे १९९२ मध्ये दाखवले गेले. गंमत अशी की आपल्या तीन मितींत हे सिद्ध झालेले नाही, पण ४२ आणि त्याहून जास्त मितींत रांगच श्रेष्ठ असते, हे सिद्ध झाले आहे.

मतभेद कुठे आहेत

पहिला मतभेद ‘सुटले’ कशाला म्हणायचे यावर आहे. संगणकाने सर्व शक्यता तपासल्या की काम झाले, असे एक मत. असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे की तारी यांनी हाताने तपासले ते चालते, तर यंत्राने तपासलेले का चालू नये? दुसऱ्या मताप्रमाणे पुराव्याने कारण कळले पाहिजे. उत्तर ‘नाही’ आहे एवढे कळून समज वाढत नाही. वजाबाकीच्या त्रिकोणात दोन्ही बाजू दिसतात. मोठ्या त्रिकोणांचे कारण आपल्याला कळते, लहानांची नुसती तपासणी होते. हेल्स यांच्या पुराव्याच्या वेळी हा वाद शिगेला पोहोचला. परीक्षकांनी खात्री बरीच दिली, पूर्ण दिली नाही. मग हेल्स यांनी पुराव्याची प्रत्येक पायरी संगणकाकडूनच तर्काच्या नियमांनी पडताळून घेतली. ते काम २०१४ मध्ये पूर्ण झाले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खात्रीचा प्रश्न त्यामुळे मिटला. आकलनाचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

दुसरा मतभेद या कोड्यांच्या मोलाचा. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या आत्मपर पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. या चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, पण त्यांतून कोणतेही सर्वसाधारण तत्त्व निघत नाही, असे त्यांचे मत होते. या मताला वजन आहे. पंधरा चेंडूंचे एकमेव उत्तर पाठ केल्याने पुढचे काहीच उलगडत नाही.

दुसरी बाजू देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या आयुष्यात दिसते. कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो, हा त्यांचा शोध. तोही वजाबाकीचाच खेळ आहे. त्या काळच्या अनेक गणितज्ञांनी त्याकडे करमणूक म्हणूनच पाहिले. पुढे १९७५ मध्ये गार्डनर यांच्या सदराने कापरेकर यांना जगापुढे आणले आणि आज त्यांच्या स्थिरांकावर निबंध लिहिले जातात. ऑयलर यांच्या अधिकाऱ्यांच्या कोड्यातून शेतीच्या प्रयोगांचे शास्त्र बळकट झाले, हेही या बाजूचेच उदाहरण. दोन्ही मते तपासली तर दिसते की मोल कोड्याच्या विषयावर ठरत नाही. नियम बदलला, संख्या वाढवली तर पुढचा प्रश्न उभा राहतो का, यावर ते ठरते.

तिसरा मतभेद वर्गातला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणितात कोडी आणि खेळ यांच्या नियमित वापराची शिफारस केली आहे. अनेक शिक्षकांना ती पटते, कारण हाताने वस्तू हलवताना मूल न सांगता बेरीज-वजाबाकी करते आणि चुकले तर स्वतःच शोधते. काही शिक्षकांची शंकाही योग्य आहे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत त्रिकोणातले अंक ओळखायचे प्रश्न येतात आणि मुले युक्ती पाठ करून गुण मिळवतात. मग ‘का’ हा प्रश्न मागे पडतो. वर्गात वेळही कमी असतो. साधनांची अडचण मात्र खरी नाही. बारा फुटी टेबल बुलढाण्यातल्या मेहकर किंवा मोताळ्याच्या शाळेत कुठून येणार, पण पंधरा गोट्या, चिंचोके किंवा अंक लिहिलेल्या चिठ्ठ्या कुठेही मिळतात आणि वरची जवळपास सगळी कोडी त्यांवर करता येतात.

काय उरले आहे

आजच्या घडीला अनिर्णीत प्रश्न असे आहेत. एक, त्रिकोणी संख्येतून एक चेंडू कमी केल्यावर चौकट लहान होत नाही, हे सर्व संख्यांसाठी खरे आहे का? दोन, तीन मितींत ५५ चेंडूंपर्यंत रांगच सर्वोत्तम आहे का? तीन, जास्त रंगांचा समसमान त्रिकोण केव्हा बनतो? चार, मूळ संख्या किंवा तिचे घात सोडून इतर कुठे बेरजांचे कडे असू शकते का? पाच, दहाच्या चौकोनात एकमेकांशी ३६ चेंडूंच्या कोड्यातल्या रंग आणि अंकांप्रमाणे जुळणारे तीन लॅटिन चौकोन एकत्र सापडतील का? पार्कर यांनी दहासाठी दोन चौकोन जुळवून साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, तिसरा अजून कोणाला मिळालेला नाही आणि तो नाहीच असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

या सगळ्यातून शिक्षकांसाठी आणि कोडी लिहिणाऱ्यांसाठी एक ठोस सूचना निघते. कोड्याबरोबर त्याची स्थितीही सांगावी : याचा पुरावा तुला आज कळेल, याची तपासणी यंत्राने केली आहे, आणि याचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही. सहा रंगांच्या त्रिकोणाची चारही उत्तरे काढणारी मुलगी आणि चौदा चेंडूंच्या चौकटीबद्दल विचारणारी मुलगी सारखीच हुशार असते. दुसरीच्या प्रश्नाचा पुढचा टप्पा मात्र गणितज्ञांनाही अडवून बसला आहे, आणि हे तिला सांगितले गेले पाहिजे. गणितात सगळे काही ठरून गेले आहे, हा समज शाळेत फार लवकर बसतो. तो मोडायला पंधरा चिंचोके आणि एक खरा अनिर्णीत प्रश्न पुरेसा आहे.